चेत्ताच्या दारातली गाडी

चेत्ता शिक्लुनाला गाडी चालवता यायची, पण एका चौकोनापुरतीच. मागच्या गल्लीतून निघायचं, चर्चला वळसा घालायचा, हॅनफर्ड स्ट्रीटवर यायचं आणि आपल्या दुकानासमोर थांबायचं. संध्याकाळी उरलेला फेरा पुरा करून परत गल्लीत. त्यापलीकडं टोरोंटोत कुठंही गाडी घेऊन जा म्हटलं असतं, तर तिनं कोपरापासून हात जोडले असते. पन्नाशी उलटल्यावर लायसन काढायला गेली तेव्हा परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, "बाई, जरा हळू." चेत्ता म्हणाली, "हळू कुठलं? भट्टी पेटती ठेवून आलेय मी." त्यानं मुकाट्यानं सही केली. चेत्तापुढं फार वेळ टिकेल असा माणूस त्या भागात अजून जन्माला यायचा होता.

ही सगळी उठाठेव विस्तिनसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. दोघं मूळचे माल्टाचे. लग्न झाल्या झाल्या बोटीनं आले. तो जवळच्या गुरांच्या बाजारात जनावरं हाकायच्या कामाला लागला आणि हिनं पस्तीत्सी करून विकायला सुरुवात केली. पस्तीत्सी म्हणजे माल्टाच्या माणसाचा जीव की प्राण. बाहेरून पापुद्रेच पापुद्रे, आत चीज नाहीतर वाटाणा, आणि खाऊन झालं की शर्टावर सगळा चुरा. पोटाला चिमटे काढून त्यांनी हॅनफर्ड स्ट्रीटवर एक चिंचोळं दुकान घेतलं. खाली भट्टी, वर राहायच्या दोन खोल्या. मुलगी डोरिस तिथंच वाढली, शिकली, लग्न करून शहराबाहेरच्या नव्या वस्तीत गेली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. आणि एके दिवशी विस्तिनच्या डाव्या अंगावरून वारं गेलं.

हॉस्पिटलातून घरी आला तो आधीचा विस्तिन राहिलाच नव्हता. वरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. सूप पुढं केलं तर ओठ मिटून घ्यायचा. दुकानात बसवावं तर भट्टीचा जाळ, आणि तिथं दोन माणसांना अंग चोरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. मग डॉक्टरकडं नेण्यासाठी कुणी तरी त्याला त्याच्याच हिरव्या पॉन्टियाक गाडीत बसवलं. जाऊन आले, गाडी दुकानासमोर थांबली, आणि हा उतरेचना. "बसू दे," म्हणाला. अर्धा तास बसला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघातिघांनी काचेतून हात केला. त्या रात्री त्यानं सूप मागून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी चेत्ता गाडी पुढं आणायची. शेजारच्या बुटांच्या दुकानाचा मालक रिस्तो नाउमॉफ आणि ती, दोघं मिळून विस्तिनला जिन्यावरून उतरवायची आणि स्टिअरिंगमागं बसवायची. शेजारच्या सीटवर नाही हं, स्टिअरिंगमागंच. गाडीत बसलेला माणूस कुठून तरी आलेला असतो नाहीतर कुठं तरी निघालेला असतो. खुर्चीत आणून ठेवलेला माणूस नुसता आजारी असतो. हे विस्तिननं कधी बोलून दाखवलं नाही, पण चेत्ताला ते न सांगता कळलं होतं. तीन वर्षं ती गाडी दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत दारात उभी असायची, आणि तासातासाला चेत्ता पिठाच्या हातानं बाहेर येऊन पार्किंगच्या मीटरमध्ये नाणं टाकायची.

आता खोटं कशाला बोला, नाणं टाकायला ती काही एकटी यायची नाही. तास भरला की अख्खा हॅनफर्ड स्ट्रीट बाहेर यायचा. न्हावी कात्री हातात घेऊन यायचा, फुलवाली यायची, रिस्तो यायचा. हार्डवेअरवाला गिलफिलन म्हातारा खिसे चाचपत, शिव्या घालत यायचा. ज्यानं त्यानं आपापली गाडी आपापल्या दारात लावलेली. दारात गाडी नसली तर दुकान बंद आहे असं वाटतं, असा सगळ्यांचा समज. सगळे एकदम बाहेर, सगळे एकदम नाणी टाकतायत, आणि मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून एकमेकांना म्हणतायत, "गिऱ्हाईकच नाही हो आजकाल!" हसावं का रडावं तेच कळू नये.

गिऱ्हाईक नव्हतं हे मात्र खरं. पूर्वी रस्त्यावरून ट्राम जायची. लोक उतरायचे, पाव घ्यायचे, बूट घ्यायचे, गप्पा मारायचे, पुढची ट्राम पकडायचे. मग भुयारी रेल्वे आली आणि माणसं जमिनीखालून परस्पर जायला लागली. उरली ती नव्या मॉलनं ओढून नेली. सिनेमा थिएटर बंद पडलं. रिकाम्या दुकानांच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटली. डोरिस दर रविवारी फोनवर तेच दळण दळायची, "मा, पुरे आता. दुकान विकून टाका. आमचं तळघर मोकळं आहे, पप्पांसाठी खाटही आणून ठेवलीय." मुलगी प्रेमानं म्हणायची, त्यात काही वाकडं नव्हतं. पण चेत्तानं ते तळघर बघितलं होतं. त्याला एकच खिडकी, तीही वर छताजवळ, आणि तिच्यातून दिसायचं काय, तर गवताची मुळं. विस्तिन तिथं महिनाभरसुद्धा काढणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. शेवटी डोरिसनं अट घातली. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येईन, तोवर दुकानाचं बरं दिसलं तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं. चेत्ता "बघू" म्हणाली. "बघू" म्हणणारी चेत्ता कुणी पाहिली नव्हती, म्हणजे ती आतून किती खचली असेल बघा.

मंडळाचं खूळ काढलं ते रिस्तोनं. तो मॅसेडोनियाचा, अंगानं आडवा, आवाज चर्चच्या घंटेसारखा. शहरात नवा कायदा झाला होता. रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांनी एकत्र यायचं, सगळ्यांवर थोडा जादा कर बसवून घ्यायचा. तो नगरपालिका गोळा करणार आणि सगळाच्या सगळा परत त्याच रस्त्याच्या मंडळाला देणार. खर्च कशावर करायचा ते दुकानदारांनी आपणच निवडून दिलेल्या माणसांनी ठरवायचं. कुणाला अंग काढून घेता येणार नाही आणि कुणाला फुकटचं खाता येणार नाही. "मॉलचा मालक एक असतो," रिस्तो चेत्ताच्या दुकानात उभा राहून, तोंडात पस्तीत्सी कोंबून सांगायचा. "तो सगळ्यांचे दिवे लावतो, सगळ्यांची फरशी पुसतो. आणि आपण? ज्याचा त्याचा झाडू, ज्याचा त्याचा उंबरा. मी माझ्या दारातला कचरा लोटून तुझ्या दारात ढकलतो."

"म्हणजे तो तूच होय रे मेल्या!" चेत्ता म्हणाली.

पण मतं घेतली तेव्हा तिनं हात वर केला. मंडळ झालं, रिस्तो अध्यक्ष झाला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्याचं रूप पालटलं. खांबांवर दिवे आले, लाकडी पिंपांत लालभडक फुलं आली, रोज सकाळी झाडणारा माणूस आला. रिकाम्या दुकानांच्या काचा धुऊन त्यात शाळेतल्या पोरांची चित्रं लावली. गिलफिलन म्हाताऱ्याचा दातओठ खाऊन विरोध. "माझ्या पैशानं कुत्र्यांना मुतायला फुलं लावतायत!" पण रोज संध्याकाळी आपल्या दारातल्या पिंपाला झारीनं पाणी कोण घालायचं? तोच. कुणी बघतंय असं वाटलं की झारी पाठीमागं लपवायचा.

दिवे लागले त्या शुक्रवारी लोक बघायला आले. खरंच आले. नव्या वस्त्यांतून, गाड्या भरभरून, पोरांना घेऊन. चेत्तानं दुप्पट पस्तीत्सी करून ठेवल्या होत्या. ती काचेला नाक लावून बघत राहिली, आणि गाड्या हळूहळू समोरून गेल्या, वळून परत आल्या, पुन्हा एकदा गेल्या, आणि मग आल्याच नाहीत. उरलेला माल तिनं चर्चमध्ये वाटला.

दुसऱ्या आठवड्यात रिस्तोनं चर्चच्या तळघरात सगळ्यांना बोलावलं.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "लोक आले होते की नाही?"

"आले होते की," न्हावी म्हणाला.

"मग थांबले का नाहीत?"

"तुझं तोंड बघून," गिलफिलन म्हणाला. सगळे हसले.

"गाडी लावायला जागा नव्हती म्हणून! मी कोपऱ्यावर उभा राहून बघितलंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्याच गाड्या. आणि कुणाच्या? माझी खोक्यांनी भरलेली गाडी. न्हाव्याची. फुलवालीची व्हॅन. आणि मिस्टर गिलफिलन यांचा ट्रक, जो महायुद्ध संपल्यापासून जागचा हललेला नाही. अरे, गिऱ्हाईक येत नाही म्हणून आपण बोंबा मारतोय, आणि त्याच्या जागेवर पाय पसरून आपणच बसलोय!"

 प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघायला लागला, जणू गाडी काय ती शेजाऱ्याचीच. रिस्तो म्हणाला, बंद पडलेल्या थिएटरमागचं मोकळं मैदान मंडळानं भाड्यानं घेतलंय. सोमवारपासून सगळ्यांनी गाड्या तिथं लावायच्या. दंड नाही, सक्ती नाही, नुसता शब्द द्यायचा. फक्त दिला तर सगळ्यांनी द्यायचा, नाहीतर उपयोग नाही.

चेत्ता उभी राहिली. "माझी हलणार नाही."

"चेत्ता, तुझं वेगळं आहे, आपण काही तरी..."

"वेगळं नाही न् बिगळं नाही. ती गाडीच नाही. माझ्या नवऱ्याची ती ओसरी आहे. तुमच्या तुम्ही हलवा, नाहीतर काडी लावून पेटवा. त्याला कुणी तिथून उठवायचं नाही."

 विस्तिनला सगळे ओळखत होते. आणि मग गिलफिलन घसा खाकरून म्हणाला, "मिसेस शिक्लुनांचं अगदी रास्त आहे. त्यांची राहणार असेल तर माझाही ट्रक राहील. न्याय म्हणजे न्याय." न्हावी म्हणाला, मग माझीही. फुलवाली म्हणाली, मला तर बाई फुलं उतरवायची असतात. बघता बघता सगळ्यांना चेत्ताची फार कणव आली. एवढी कणव त्या रस्त्यानं आजवर कुणाची केली नव्हती. रिस्तोनं टोपी उचलली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठरल्या वेळी आला. विस्तिनच्या एका खांद्याखाली तो, दुसऱ्या खांद्याखाली चेत्ता. जिना उतरताना दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या जिन्यात विस्तिन, ज्याची जीभ जड झालेली, तो म्हणाला, "बोला की. मधे मी आहे, मेलेलो नाही." 

आपण जिंकलो असं चेत्ताला पहिला दिवसभर वाटलं. पण मग तिला नको ते दिसायला लागलं. स्टिअरिंगमागं माणूस बसलेला दिसला की फिरणाऱ्या गाडीवाल्याला काय वाटतं? हा आता निघणार. मग तो शेजारी येऊन थांबायचा, काच खाली करायचा, विचारायचा, "निघताय का?" विस्तिन मान हलवायचा. नाही. गाडी निघून जायची. थोड्या वेळानं दुसरी. हे तीन वर्षं चाललं होतं, चेत्ताला त्याचं हसूही यायचं. आता येईना. आता मागं एखाद्या गाडीचा वळायचा दिवा लुकलुकताना दिसला की तिचा हात लाटण्यावर थांबायचा. गाडी गेली की ती मनात म्हणायची, गेलं हे पण. आणि मग स्वतःचाच राग यायचा. आजारी नवऱ्याकडं बघून गिऱ्हाइकं मोजणारी बायको झालीय मी, कप्पाळ माझं!

एका संध्याकाळी तिनं भीत भीत विषय काढला. "विस्तिन, फुटपाथवर दारापाशी छानशी खुर्ची टाकली तर?"

"आणि पुढं टोपी ठेव," तो म्हणाला. "लोक नाणी टाकतील."

झालं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

सप्टेंबर सरत आला. झाडांची पानं पिवळी पडली. डोरिसनं फोनवर सांगितलं की दुकान बघायला एक माणूस तयार आहे. आणि मग तो शनिवार आला. चेत्ता भट्टीतून परात काढत होती आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लांबलचक, थांबेचना. तिनं आवाज ओळखला. पॉन्टियाकचाच. हातातली परात फळीवर आपटली आणि ती पळत सुटली. मारिये माझे आई, दुसरा झटका आला, एवढं एकच डोक्यात.

विस्तिन स्टिअरिंगमागं ताठ बसला होता. उजवा हात हॉर्नवर. रंग ठीक, डोळे ठीक. गाडीच्या मागं एक निळी गाडी दिवा लुकलुकवत थांबलेली, तिच्यात विस्तिनच्या माल्टाच्या दोस्ताची, सावी बोर्जची पोरगी लीना, मागच्या सीटवर तिची दोन लेकरं. तिच्यामागं गाड्यांची रांग लागलेली आणि सगळ्यांचे हॉर्न.

"काय झालं? कुठं दुखतंय?"

"ती थांबलीय," विस्तिन म्हणाला. "मी हो म्हटलं."

"हो म्हटलं? हो काय म्हटलंस? कुठं निघालायस तू, रोमला?"

लीना बिचारी काचेतून ओरडली, "चेत्तामावशी, राहू दे! मला वाटलं काका खरंच निघालेत. दोन चकरा झाल्या माझ्या, पण जाते मी, पुन्हा येईन!"

"ती पुन्हा येणार नाही," विस्तिन म्हणाला. एकेक शब्द तो तोंडातून ओढून काढत होता. "कुणीच येत नाही. तीन वर्षं मान हलवतोय मी. नाही, नाही, नाही. कुणाला? तुझ्याकडं यायला निघालेल्या माणसाला. उतरव मला."

"नाही उतरवणार. बस तू. गेलं दुकान खड्ड्यात."

"दुकान खड्ड्यात गेलं की मी तळघरात," विस्तिन म्हणाला. "मला काय कळत नाही होय? उतरव."

चेत्ता रस्त्यात उभी राहून रडायला लागली. चारचौघात, पिठाचे हात तसेच, मागं गाड्यांची बोंबाबोंब. ज्या बाईला कुणी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं ती घळाघळा रडत होती, आणि विस्तिन तेवढ्यात सीटवरून सरकायला लागला होता. त्या जुन्या गाडीची पुढची सीट सलग होती. चांगल्या हातानं पुढं पकडून, चांगल्या पायानं रेटा देत, तो इंचाइंचानं फुटपाथच्या बाजूला निघाला. घामानं त्याचं कपाळ निथळत होतं. चेत्ता पलीकडं धावली आणि तिनं दार उघडलं. तिच्याआधी रिस्तो तिथं पोचला होता.

रिस्तोनं दुकानातली खुर्ची आणली होती, गिऱ्हाइकाला बूट घालून बघायला असते ती, लाल गादीची. त्यानं ती फुटपाथवर ठेवली. विस्तिननं खुर्चीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा घट्ट झाला. लोक जमले होते. न्हावी दारात, फुलवाली दारात, रस्त्यावरचे बघे. चेत्ताला वाटलं, आता हा परत आत सरकेल आणि पुन्हा कधी कुणाकडं बघणार नाही.

रिस्तो कमरेवर हात ठेवून त्याच्या पायांकडं बघत होता. "हे काय घातलंयस?"

विस्तिनच्या पायात सपाता होत्या. तीन वर्षं सपाताच. गाडीत बसणाऱ्याला बूट कशाला?

"लाज वाटते का नाही? माझ्या दुकानाला भिंत लावून राहतोस आणि सपाता घालून बाहेर येतोस? लोक काय म्हणतील मला? बस तिथं. उपकार नको करूस, गिऱ्हाईक म्हणून बस. पैसे पुरते वसूल करणार आहे."

 विस्तिनच्या तोंडाची चांगली बाजू जराशी वर गेली. "तपकिरी," तो म्हणाला. "काळे नकोत."

तो बसला. आणि रिस्तो नाउमॉफ, हॅनफर्ड स्ट्रीटच्या मंडळाचा अध्यक्ष, ऐन शनिवारी भर फुटपाथवर गुडघे टेकून बसला आणि विस्तिनचा डावा पाय, तो निर्जीव पाय, त्यानं मांडीवर घेतला. माप घेतलं. आतून खोकी आणली. हे घालून बघितलं, ते घालून बघितलं, अंगठा कुठं येतो ते दाबून बघितलं. जितक्या बारकाईनं कुणा श्रीमंत गिऱ्हाइकाचं करेल तितक्या. "उजवा चावतो का? खरं सांग, नंतर परत आणलेस तर घेणार नाही." चेत्ता स्टिअरिंगमागं बसली. डोळ्यांतल्या पाण्यानं रस्ता धड दिसत नव्हता. तरी तिनं गाडी काढली आणि मागच्या गल्लीत नेऊन लावली.

चालत परत आली तर रस्त्यावर वेगळाच गोंधळ. लीनाची निळी गाडी पॉन्टियाकच्या जागी उभी होती. न्हावी आपली गाडी काढून थिएटरमागं निघाला होता, कुणाच्या नजरेला नजर न देता. फुलवालीची व्हॅन निघाली होती. आणि गिलफिलन आपल्या ट्रकचं बॉनेट उघडून आतमध्ये तोंड खुपसून शिव्या घालत होता. ट्रक सुरूच होईना. इतकी वर्षं जागचा न हललेला ट्रक सुरू होणार तरी कसा?

"कुणी सांगितलं तुम्हाला हलवायला, मिस्टर गिलफिलन?" चेत्तानं नाक ओढत विचारलं. "न्याय म्हणजे न्याय ना?"

"तोंड आवरा, मिसेस शिक्लुना, आणि मागून ढकला," गिलफिलन म्हणाला.

तिनं ढकलला. न्हावी परत येऊन ढकलायला लागला, दोन अनोळखी बघ्यांनीही खांदा लावला. ट्रक ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत नेला. फुटपाथवर नव्या तपकिरी बुटांत बसलेला विस्तिन उजवा हात हलवून, गुरं हाकताना ओरडायचा तसा, "हो, हो, हो" करून ओरडत होता. जिभेचा जडपणा त्या ओरडण्यात कुणाला ऐकूसुद्धा आला नाही.

एका दिवसात रस्ता बदलत नाही, हे सांगायला नकोच. पण जागा मोकळी दिसली की माणूस थांबतो. थांबला की उतरतो. उतरला की पाव घेतो, पाव घेताना बुटांच्या काचेत डोकावतो. पुढच्या शनिवारी बऱ्यापैकी माणसं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी आली. मंडळानं बाकं आणली. ती कुठं बसवायची यावर बैठकीत कडाक्याचं भांडण झालं, पण पहिलं बाक चेत्ता आणि रिस्तोच्या दुकानांच्या मधे, यावर कुणी ब्र काढला नाही. हिवाळ्यात विस्तिननं रिस्तोच्या दुकानात खिडकीशी बसायचं, हेही तेव्हाच ठरलं. रिस्तो म्हणाला, "भाडं लागेल." चेत्ता म्हणाली, "दे आधी इतकी वर्षं फुकट खाल्लेल्या पस्तीत्सींचं!"

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी डोरिस आली. विकत घेणाऱ्या माणसाचा फोन नंबर पर्समध्ये होता. पण दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती गर्दीतून अंग चोरून आत आली, "मा, आपल्याला बोलायचंय," म्हणाली, आणि चेत्तानं तिच्या गळ्यात ॲप्रन अडकवला. "आधी ह्या बाईंना चीजच्या दे. मग त्या काकांना." डोरिसनं दिल्या. मग तिसऱ्याला दिल्या. मग ती बोलायचं विसरून गेली.

दुपार झाली तेव्हा चेत्तानं काचेतून बाहेर बघितलं. बाकावर विस्तिन होता. त्याच्या उजव्या बाजूला सावी बोर्ज होता, डाव्या बाजूला गुरांच्या बाजारातला त्याचा जुना सोबती. दोघंही धष्टपुष्ट, आणि दोघांच्या मधे विस्तिन पार चेपून गेलेला. माल्टातल्या कुठल्या तरी जुन्या होड्यांच्या शर्यतीवरून तिघं हमरीतुमरीवर आले होते. सावीचा हात विस्तिनच्या गुडघ्यावर होता. विस्तिन बोलत होता, अडखळत बोलत होता, आणि ते दोघं त्याचं वाक्य संपायची वाट न बघता मधेच तोंड घालत होते. बऱ्या माणसाचं वाक्य तोडतात तसंच.

चेत्ता काचेपाशी खिळून उभी राहिली. तीन वर्षं तिनं त्याला त्या गाडीत जपलं होतं. रोज काच पुसली, मीटरमध्ये नाणं टाकलं, कुणाला हात लावू दिला नाही. लोक हात करायचे, थांबायचे, काचेतून दोन शब्द बोलायचे, निघून जायचे. तीन वर्षांत त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. शेजारची सीट रोज रिकामी असायची आणि एकदाही, एकदासुद्धा, तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

तिनं काचेच्या पेल्यात दुधाचा चहा ओतला, एक त्याच्यासाठी, एक आपल्यासाठी. "डोरिस, गल्ला सांभाळ," म्हणाली आणि बाहेर गेली.

"सरक रे सावी," ती म्हणाली.

"कुठं सरकू? बाक संपलं."

"पोट आत घे, होईल जागा."

सावी कुरकुरत सरकला, आणि चेत्ता विस्तिनच्या अंगाला अंग लावून बसली. ऐन दुपारी, दुकान भरलेलं असताना. विस्तिननं तिच्याकडं बघितलं आणि पेला घ्यायला हात पुढं केला.

आतून डोरिस ओरडली, "मा! वाटाण्याच्या संपल्या! लोकांना काय सांगू?"

"सांग पुन्हा या म्हणून," चेत्ता ओरडून म्हणाली आणि जागची हलली नाही.